नांगराची परीक्षा

जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा सरकारला द्यायच्या सल्ल्यांत त्यांनी एक मोठी मासलेवाईक सूचना घातली. गावची पाटिलकी कोणाला द्यावी? तर शेतकऱ्याच्या ज्या मुलाने शाळेची परीक्षा दिली आहे आणि त्याबरोबर नांगर, पाभर हाकून दाखवण्याचीही परीक्षा दिली आहे, त्याला. पाटीवरची एक आणि शेतातली एक, अशा दोन परीक्षा. पहिली महाराष्ट्राने मनावर घेतली. गावोगाव शाळा निघाल्या, पदव्या आल्या, शेतकी महाविद्यालयेही आली. दुसरी मात्र कोणी कधी घेतलीच नाही. कदाचित परीक्षक मिळाले नसतील. कारण ज्यांना नांगर हाकता येत होता, त्यांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवणार कोण?

ही दुसरी परीक्षा सोलापूर जिल्ह्यात घ्यायची ठरली असती, तर पहिला प्रश्न बहुधा कोळप्यावर निघाला असता.

इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही मनाला येईल तेव्हा पडणारा. काळ्या रानात रब्बीची ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात पेरून घ्यायची आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक काढायचे. ओल टिकली तर कणीस, नाही तर नुसता कडबा. म्हणून कोळपण्या तीन : पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्या आठवड्यात अखंड पासेचे, आठव्या आठवड्यात दातेरी. पहिल्या दोन खेपांना तण निघते. तिसऱ्या खेपेला तण फारसे उरलेले नसते, तरी कोळपायचेच. कारण तोवर रान भेगाळायला लागलेले असते आणि भेगांतून खालची ओल उडून जात असते. दातेरी कोळप्याने वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जाणते शेतकरी म्हणतात ते याच हिशेबाने.

सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. शेजारी मोहोळला मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही अनेक शेतकरी सोडायला तयार नाहीत. भाकरीही चांगली आणि कडबाही चांगला. कोळपणीचे आठवडे, दोन ओळींतले ४५ सेंटिमीटर अंतर, बी आणि खत एकदम पेरणारी दोन चाड्यांची पाभर, हे सगळे शास्त्रज्ञांनी कागदावर आणले. रुमण्यावर भार किती द्यायचा, हे मात्र कागदावर येत नाही. भार जास्त झाला की पास खोल जाऊन मुळे तोडते, कमी झाला की मातीवरून नुसती घासत जाते. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधून ते ओळींमधून सरळ काढायचे, आणि तास संपायच्या दोन पावले आधी कोळपे हलके उचलायचे. नवखा हमखास चुकतो तो या उचलण्यात. दाबायचे कुठे, हे त्याला लवकर समजते. सोडायचे कुठे, हे समजायला एकदोन सुग्या जाव्या लागतात.

जनावरांच्या बाबतीत तर हे सोडणेच निम्मे शिक्षण आहे.

पोटफुगीचे घ्या. कोवळा ओला घास भरपूर खाऊन गाय फुगली आहे, डावी भकाळी वर आली आहे, टिचकी मारली तर ढमढम वाजते आहे. घरात एकच धावपळ. कोणी गोडेतेल आणतो, कोणी आढ्याला खोचलेले बांबूचे नळकांडे काढतो. तेलाचा उपाय बरोबरच आहे, पोटातला फेस त्याने मोडतो. घात होतो तो पाजण्यात. दोघांनी मान वर ताणून धरायची, तिसऱ्याने जीभ ओढायची आणि नळकांडे घशात रिते करायचे, ही जुनी तऱ्हा. जीभ ओढून धरली की जनावराला गिळता येत नाही. तेल अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरते. पोटफुगीतून वाचलेली गाय मग चार-सहा दिवसांनी न्यूमोनियाने जाते, आणि दोष जातो तेलाला किंवा कोणाच्या तरी नजरेला. चांगला शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो : तोंड जमिनीशी समांतर, फार तर किंचित वर. जीभ मोकळी. बाटलीचे तोंड दातांच्या आणि गालाच्या मधून, कडेने. थोडे पाजायचे, गिळू द्यायचे, मग पुढचे. ठसका लागला की बाकी सगळे बाजूला ठेवून आधी डोके खाली सोडायचे. सूचना पाचच आहेत आणि त्यातल्या तीन थांबण्याच्या आहेत.

ज्या ज्वारीच्या कडब्यावर जिल्ह्यातली दावण उन्हाळा काढते, तीच ज्वारी कोवळी असताना, विशेषतः पावसाने ताण दिलेली असेल तर, जनावराचा जीव घेते. गावात याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. कोवळ्या पानांत असा पदार्थ असतो की तो पोटात गेला की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे हा त्यावरचा उतारा, पण डॉक्टर पोचायला तेवढा वेळ मिळतोच असे नाही. पीक फुलोऱ्यात आले की धोका उतरतो, कापून नीट वाळवले की बहुतेक जातो. म्हणजे इथे खरे कौशल्य दाव्याच्या लांबीत आहे. बांधावर शेळ्या वळणारी पोरे हे शाळेत जायच्या आधी शिकलेली असतात. उलट पुण्या-मुंबईची नोकरी सोडून, बंदिस्त शेळीपालनाचा प्रकल्प अहवाल हातात घेऊन गावाकडे आलेल्या तरुणाला लोखंडी शेडचा चौरस फुटाचा दर तोंडपाठ असतो आणि किराळ माहीत नसते. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. त्याला ते शिकवणारा आजा त्याच्या घरात राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरातल्या घरात चालणारी ही शाळा कशी होती, ते पाहायचे तर अजूनही सांगोल्याच्या जनावरांच्या आठवडा बाजारात, पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एक चक्कर मारावी. खोंडाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढून क्षणभर दात बघायचे आणि वय सांगायचे. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. पहिली पक्क्या दातांची जोडी साधारण दोन-अडीच वर्षांची, आणि आठही पक्के दात यायला चार वर्षे उलटतात. मग खांदा बघायचा, खुरांची ठेवण, चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो का, पाठीवर थाप मारली तर जनावर दचकते का. बापाबरोबर आलेला पोरगा काही न बोलता सगळे पाहत असतो. शेवटी उपरण्याखाली बोटे दाबून सौदा होतो आणि किती ठरले ते पोराला घरी जाताना वाटेत समजते.

खिलार बैलाभोवती कितीतरी हातांचे धंदे होते. शिंगे साळणारा एक. खिलाराचे शिंग साळताना आतल्या जिवंत भागापर्यंत हत्यार गेले की रक्त थांबता थांबत नाही, म्हणून वरची साल निघाली की तो हात आवरता घेतो. पत्री मारणारा नालबंद दुसरा. बैलाचे खूर दुभंगलेले, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. दोरीचे फास टाकून बैल पाडायचा, पाय बांधायचे आणि खिळा असा तिरका ठोकायचा की तो खुराच्या बाहेरच्या कडेतून निघावा. आत वळला तर बैल आठवडाभर लंगडतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या तळावर या नालबंदांना अजून काम असते. एरवी त्यांचा पत्ता शोधावा लागतो.

बैलगाडा शर्यतींनी खिलाराला पुन्हा भाव आणला, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांच्यावर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा कायम झाला. खोंडांच्या किमती वाढल्या, पैदास करणाऱ्यांना हुरूप आला. पण शर्यतीचा खोंड काही सेकंद पळायला शिकतो. जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून, आधी नुसते जू, मग लाकडाचा ओंडका, मग कुळव, अशा क्रमाने औताला धरलेला खोंड हे वेगळे जनावर असते आणि त्याला तयार करणारा माणूसही वेगळा असतो. शर्यतीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो नसतो.

पंढरपुरी म्हशीची धार काढणाऱ्या गवळ्याबद्दल थोडे सावकाश लिहायला हवे. या म्हशीची शिंगे लांबलचक, तलवारीसारखी मागे गेलेली, खांद्याच्याही पलीकडे. कोरडी हवा आणि कडब्यासारखी साधी वैरण तिला चालते, आणि ती दिवसाला सहा-सात लिटर दूध देते. मुऱ्हा म्हशीच्या मानाने हे कमीच. पण तिच्यात एक गुण असा की ती थोडे थोडे दूध देऊ शकते. पंढरपूर, सोलापूर, कोल्हापूर या शहरांत गवळी म्हशी दारोदार नेत आणि गिऱ्हाइकासमोर पाव लिटर, अर्धा लिटर काढून देत. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर समोर काढलेले धारोष्ण दूध पिण्याची रीत त्यातलीच.

हे जितके सोपे वाटते तितके नाही. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने, आणि त्याचा जोर फार तर काही मिनिटे टिकतो. म्हणून डेअरीच्या प्रशिक्षणात शिकवतात की कास धुतली की सात-आठ मिनिटांत धार पूर्ण करा, मध्ये थांबू नका. गवळी नेमके उलटे करतो : मापापुरते काढतो, थांबतो, पुढच्या दारी पुन्हा पान्हवतो. म्हैस त्याला हे करू देते, कारण तिची जात तशी आहे आणि तिला त्याच्या हाताची सवय आहे. हात बदलला की ती दूध चढवते. दोन्ही शिकवण्या खऱ्या आहेत. फक्त एक गवळ्याच्या म्हशीसाठी आहे आणि दुसरी गोठ्यातल्या संकरित गाईसाठी. संकरित गाईला गवळ्याच्या पद्धतीने पिळले तर कासेत दूध राहते आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, होते.

धार काढायच्या पद्धतीतही असेच. अंगठा मुडपून सड ओढायची आपल्याकडे पिढीजात खोड. अंगठ्याच्या सांध्याने सडाच्या आतला नाजूक पडदा दुखावतो आणि जंतूंना वाट मिळते. पूर्ण मुठीत सड धरून वरून खाली एकेक बोट मिटत आणायचे, ही बरोबर पद्धत. सांगायला एक वाक्य लागते, हाताला वळण लागायला महिना. धार झाली की सडाचे तोंड निदान अर्धा तास उघडे असते, म्हणून सड जंतुनाशकात बुडवायचे आणि गाय लगेच बसू नये यासाठी तिच्यापुढे वैरण टाकायची. वैरण धारेच्या आधी टाकायची की नंतर, एवढ्याशा गोष्टीने दवाखान्याचा खर्च वाचतो.

आता प्रश्न असा की हे शिकतो कोण? गोठ्यात शेण काढणारी, आंबोण भिजवणारी, धार काढणारी, गाय माजावर आली हे तिच्या हंबरण्यावरून आणि सोटावरून आधी ओळखणारी बाई असते. प्रशिक्षणाचे पत्र येते ते सातबारा ज्याच्या नावावर, त्याला. तो जातो, जेवतो, वही आणि टोपी घेऊन परततो. वही फळीवर जाते. गेल्या पन्नास वर्षांतल्या शेती-प्रशिक्षणाचा मोठा वाटा असा चुकीच्या हातात पडला, असे म्हणायला हरकत नाही.

कल्पना मुळात चांगली होती. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशीवरून देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, आणि ‘करून शिका’ हेच त्याचे सूत्र ठरले. सोलापूर जिल्ह्यात अशी दोन केंद्रे आहेत : उत्तर सोलापूर तालुक्यात खेडला शबरी कृषी प्रतिष्ठानचे आणि मोहोळला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. सांगोला तालुक्यात महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. बँक ऑफ इंडियाच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दुग्धव्यवसाय आणि शेळीपालनाचे निवासी वर्ग फुकट चालतात. ही कल्पना १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे गावी सुरू झालेल्या संस्थेवरून देशभर गेली. म्हणजे शिकायचे ठरवले तर जागांची वानवा नाही. उणे असते ते जनावर. उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, पडद्यावरची चित्रे, आभार, यात दिवस जातो. फलकावर प्रशिक्षणार्थींपेक्षा पाहुण्यांची नावे जास्त असतात. जिथे सभागृहाऐवजी गोठ्यात वर्ग भरतो आणि प्रत्येकाच्या हातात एकेकदा दावे दिले जाते, तिथला माणूस वेगळाच तयार होतो.

गोठ्यातल्या वर्गाचे एक उदाहरण. गाईचे वजन काट्याशिवाय कसे काढायचे? छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. उत्तर किलोत येते. घेर ६६ इंच आणि लांबी ५५ इंच असेल तर गाय ३६३ किलोची. शिंप्याची टेप आणि मोबाइलवरची गुणाकाराची सोय एवढ्यावर जंताच्या औषधाची मात्रा ठरते. अंदाजपंचे दिलेल्या कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, हे त्याच वेळी सांगून होते. पंधरा मिनिटांत जमणारी गोष्ट आहे आणि ती जमली की माणूस दुकानदाराच्या हातातली बाटली डोळे झाकून घेत नाही.

शेळीचे डोळे बघणे हे त्याच्याही पुढचे. खालची पापणी अंगठ्याने अलगद उलटायची. आतला रंग लालबुंद असेल तर शेळी ठीक. तो गुलाबी, मग फिकट होत पांढरट दिसू लागला तर पोटातले जंत रक्त पीत आहेत. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन या पशुवैद्याच्या कल्पनेतून याचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, त्याच्याच नावावरून तो ‘फामाचा’ म्हणून ओळखला जातो. सगळ्या कळपाला सरसकट औषध न देता ज्यांची पापणी फिकट त्यांनाच द्यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही तो तक्ता वाचता येतो, आणि तिची नजर बऱ्याचदा शिकलेल्याहून तयार निघते, कारण ती त्या शेळ्यांना रोज बघते.

ही बाई आता हळूहळू प्रशिक्षणाच्या यादीत येऊ लागली आहे. ‘उमेद’ अभियानातून बचत गटांतल्या महिलांना पशुसखी म्हणून तयार केले जाते. तिच्या पिशवीत थर्मामीटर, जंताचे औषध, टिंक्चर आयोडीन, बर्फ घातलेला डबा. शेळीचे अंग मुळातच माणसापेक्षा गरम असते, १०२ ते १०३ फॅरनहाइट ही तिची तब्येत ठीक असल्याची खूण. नवी पशुसखी पहिल्यांदा १०३ वाचून हबकते, मग तिला हसू येते. जन्मलेल्या करडाची नाळ दोन-तीन इंच ठेवून बांधायची, खाली कापून आयोडीनमध्ये बुडवायची आणि तासाभराच्या आत त्याला चीक पाजायचा. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात पहिल्या दिवशी गेला पाहिजे. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत इथल्या अनेक घरांत होती आणि आहे. सासूसमोर ती मोडायची म्हणजे वैद्यकापेक्षा मुत्सद्देगिरीचे काम.

बोकडाचे खच्चीकरण दगडाने ठेचून करायची जुनी रीत होती. त्याऐवजी आता इटलीतल्या बुर्डिझो नावाच्या पशुवैद्याने काढलेला चिमटा वापरतात. कातडी न कापता आतली नस दाबून तोडायची. दोन्ही बाजूंच्या नसा वेगवेगळ्या, एकीचा दाब दुसरीपेक्षा थोडा वर-खाली, आणि मधली कातडी चिमट्यात मुळीच येऊ द्यायची नाही. ती आली तर रक्तपुरवठा तुटून सगळाच भाग सडतो. शिकताना यावर सर्वात जास्त वेळ घालवतात.

आणि कुठे हात लावायचा नाही, हेही तिला शिकवतात. देशात १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाने करायचे, किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्याने त्याच्या देखरेखीखाली करायच्या. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लाची लस एकदाच देतात. ती जिवंत जंतूंची असते आणि चुकून स्वतःच्या बोटात सुई गेली तर टोचणाऱ्यालाच दुखणे लागू शकते. अशा वेळी तिने बाजूला व्हायचे आणि १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरता दवाखाना बोलवायचा. पण रात्री अकराला अडलेल्या शेळीपुढे बसलेल्या बाईला हा कायदा जरा दूरचा वाटतो, आणि तिची चूक म्हणता येत नाही.

लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा, २०२२ मध्ये, हे सगळे कसाला लागले. गाई-बैलांच्या अंगावर गाठी, सुजलेले पाय, ताप. जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची मोहीम निघाली, आणि दूध प्यावे की नाही याच्या अफवा त्याहून वेगाने पसरल्या. लस टोचणे डॉक्टरांचे काम होते. त्यानंतरचे महिनाभराचे काम घरच्यांचे. फुटलेल्या गाठी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने धुवायच्या, माशा बसू द्यायच्या नाहीत, किडे पडले तर टर्पेंटाइनचा बोळा. सीताफळाच्या पाल्याचा रसही लोकांनी वापरला. आजारी जनावर वेगळे बांधायचे आणि त्याच्याकडचे काम सगळ्यात शेवटी करायचे, हे ज्या घरांत पाळले गेले तिथे गोठे सावरायला मदत झाली.

सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून म्हसवड आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनचे गाव. तिथे शेळ्यांचे कृत्रिम रेतन करणाऱ्या महिलांना ‘गोट डॉक्टर’ म्हणतात. त्यांच्यामागे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम आहे. बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार करणारी हीच संस्था. गाईच्या रेतनात हात आत घालून गर्भाशयाचे मुख चाचपता येते. शेळी लहान, तिथे ती सोय नाही. नळी आणि उजेड यांवर काम भागवावे लागते. उणे १९६ अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमधून रेताची कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून गनमध्ये घालायची. गाईत गनचे टोक गर्भाशयमुखाच्या पलीकडे जेमतेम पोचले की तिथेच थांबून सावकाश रेत सोडायचे. पुढे रेटले तर इजा होते आणि गाय उलटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा साधा नियमही घाईत मोडला जातो. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून ‘मैत्री’ नावाने असे तंत्रज्ञ तयार करतात आणि त्यांच्या तीन महिन्यांतला बराच काळ प्रत्यक्ष गावात जातो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. बाहेरून मोटारसायकलवर आलेल्या पुरुषाने गाय भरवली तर फी न मागता मिळते. गावातली सखी आली तर चहा मिळतो, आणि ‘तू तर घरचीच’ असे ऐकायला मिळते. लस सरकारी, मग पैसे कशाचे, असाही वाद निघतो. तिच्या येण्याजाण्याचे, बर्फाचे, वाया गेलेल्या रोजगाराचे आणि शिकलेल्या हाताचे मोल कोणीतरी मांडायला हवे, आणि ते एकटीने मांडणे तिला जड जाते. म्हणून दर बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून वहीत लिहून घेतलेले बरे : लसीकरणाचा इतका, जंतनाशकाचा इतका, खच्चीकरणाचा इतका, रात्री बोलावले तर दीडपट. उधारी तीन शेळ्यांपर्यंतच.